भावाला स्वतःचं घर झेपेल का? सपोर्टेड लिव्हिंगबद्दल जरा सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा: भाऊ ३१ वर्षांचा, ऑटिझम आणि सोबत मध्यम बौद्धिक अक्षमता, मोजके शब्द बोलतो, अधूनमधून फिट येते, आईवडील सत्तरीच्या पुढे. एका संस्थेनं सपोर्टेड लिव्हिंग सुचवलंय, म्हणजे स्वतःच्या घरात, लागेल तेवढ्या मदतीनं राहणं. आई म्हणते ज्याला शेगडी पेटवता येत नाही तो वेगळा कसा राहणार, वडील म्हणतात त्यापेक्षा निवासी संस्था बरी, निदान चोवीस तास कोणीतरी असतं. आणि ताई, तुम्ही मध्ये अडकलाय, ठरवायचं कसं ते विचारताय. मी बरीच वर्षं याच कामात आहे, आधी स्वतः शिफ्टा केल्या, मग टीम सांभाळल्या, त्यामुळे लांब लिहितोय, सवडीनं वाचा.

आईचा मुद्दा आधी घेतो, कारण तो जवळपास प्रत्येक घरात निघतो. शेगडी पेटवता येणं आणि स्वतःच्या घरात राहणं याचा काही संबंध नाही. आपण तरी सगळं स्वतः करतो का, कोणाचा टॅक्स दुसरा भरतो, कोणाची गाडी दुसरा चालवतो, म्हणून त्याला कोणी सांगत नाही की आधी हे शिक मग घर मिळेल. जुनी पद्धत शिडीसारखी होती, आधी संस्था, मग हॉस्टेल, मग ग्रुप होम, आणि सगळं नीट जमलं तर शेवटी स्वतःचं घर, आणि व्हायचं काय की माणूस दुसऱ्या पायरीवरच म्हातारा व्हायचा, कारण वर जायची परीक्षा घेणारे आणि त्याला तिथेच ठेवण्यात ज्यांची सोय ते एकच. सपोर्टेड लिव्हिंगमध्ये घर आधी येतं आणि आधार गरजेप्रमाणे, कोणाला आठवड्याचे चार तास, कोणाला दिवसरात्र दोन माणसं. अजिबात न बोलणारे, ट्यूबमधून अन्न घेणारे लोकही अशा घरांत राहतात. त्यामुळे 'तो तयार आहे का' हे त्याला विचारून काही हाती लागत नाही, 'तुम्ही तयार आहात का' हे सपोर्ट देणाऱ्यांना विचारा.

आता मुळात हा प्रकार काय ते एकदा स्पष्ट करून घ्या, कारण पाट्या बदलून तेच विकणारे पुष्कळ आहेत. खरी खूण एकच: घर आणि सपोर्ट हे दोन वेगळे व्यवहार असतात. घराचा भाडेकरार (किंवा मालकी) त्याच्या नावावर, घरमालक एक, सपोर्ट देणारी एजन्सी दुसरी. निवासी संस्थेत पलंग आणि काळजी एकाच पॅकेजमध्ये मिळतात, त्यामुळे काळजी आवडली नाही तर पलंगही सोडावा लागतो. म्हणून भेटायला जाल तेव्हा सरळ विचारा, की उद्या आम्ही तुम्हाला काढून दुसरी एजन्सी लावली तर हा रात्री झोपेल कुठे? उत्तर 'इथेच, त्याचंच घर आहे' असं आलं तर पुढे बोला. समोरचा चुळबुळ करायला लागला तर समजून जा.

हे माझं एकट्याचं खूळ नाहीये. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार २००६ साली झाला, त्याचं १९ वं कलम हेच सांगतं की कुठे राहायचं आणि कोणाबरोबर राहायचं हे इतरांसारखंच त्यांनाही ठरवता आलं पाहिजे, विशिष्ट ठिकाणी राहायची सक्ती नको. आणि २०१७ मध्ये त्याच कराराच्या समितीनं आणखी खुलासा केला की शंभर जणांची इमारत असो, पाच-आठ जणांचं ग्रुप होम असो की एकट्याचा फ्लॅट, तिथे दिवसाचं वेळापत्रक दुसराच ठरवत असेल आणि मदतीला कोण येणार यात काही म्हणणं नसेल तर ती संस्थाच. मला हे फार पटतं. मी अशी घरं पाहिलीत की बाहेरून सुंदर बंगला, आत फ्रिजला कुलूप, आणि सगळे साडेआठला अंथरुणात, का, तर नऊला शिफ्ट बदलते. स्वीडनच्या बेंग्ट निर्ये यांनी १९६९ मध्येच लिहून ठेवलं होतं की बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाचा दिवस, आठवडा, वर्ष यांची लय बाकीच्या समाजासारखी हवी, लहान मुलासारखं सगळ्यांच्या आधी झोपायला लावू नका. पन्नासहून जास्त वर्षं झाली, अजून रोटा, म्हणजे स्टाफच्या शिफ्टचं वेळापत्रक, बघून माणसं झोपवली जातात.

वडिलांची काळजी वेगळी आहे, आणि खरी आहे. पण चोवीस तास माणूस असणं आणि सुरक्षित असणं एक नाही. २०११ मध्ये ब्रिटनमध्ये ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी हॉस्पिटलात बीबीसीनं छुपा कॅमेरा नेला, तिथे ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या रुग्णांना कर्मचारी मारत होते, छळत होते, पुढे ११ जणांना कोर्टानं शिक्षा केली. स्टाफ तिथेही चोवीस तास होता. माणूस सुरक्षित राहतो तो बाहेरची माणसं येत-जात राहिली की, बहीण न सांगता येते, शेजारी ओळखतात, दुकानदार विचारतो आज आला नाही का. मात्र दुसरी बाजूही सांगतो, कारण आमच्याच क्षेत्रातले लोक ती लपवतात: सपोर्टेड लिव्हिंगचं घरसुद्धा बंद पेटी होऊ शकतं. एकटा माणूस, एकच स्टाफ, दार बंद, आणि बोलून सांगता न येणारा भाडेकरू. म्हणून घर घेतानाच ठरवा की तुमच्याकडे चावी असेल का, कळवल्याशिवाय कधी यायचं, आणि एजन्सीच्या बाहेरचं कोण महिन्यातून निदान एकदा त्याला एकट्याला भेटेल. यावर एजन्सीचा चेहरा पडला तर मला तरी दुसरं काही विचारायची गरज वाटणार नाही.

आता कामाच्या गाभ्याकडे येतो, कारण घर मिळूनही बरंच काही बिघडू शकतं. सगळ्यात जास्त दिसणारा बिघाड म्हणजे स्टाफ सगळं करून टाकतो आणि माणूस सोफ्यावर बसून राहतो. कोणी वाईट नसतं हो, स्वतः केलं की पटकन होतं एवढंच. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये जिम मॅन्सेल हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर जे काम केलं त्याला ॲक्टिव्ह सपोर्ट म्हणतात, आणि माझ्या मते या क्षेत्रात त्याच्याइतकी कामाची दुसरी पद्धत नाही. कल्पना साधी आहे, अख्खं काम येत नसेल तर कामाचा एक तुकडा दे, बाकीचा तू कर, आणि दिवसभर असे तुकडे देत राहा.

एक उदाहरण सांगतो. चाळिशीतले एक गृहस्थ, आयुष्य संस्थेत गेलेलं, शब्द नाहीत, दिवसभर खिडकीपाशी डोलत बसायचे. कपडे धुवायचं मशीन किचनमध्ये. सुरुवातीला स्टाफ टोपली त्यांच्या पायाशी आणून ठेवायचा आणि एक मोजा पुढे करायचा, बोलायचा काही नाही. त्यांनी घेतला तर मशीनच्या उघड्या दाराकडे बोट. मोजा आत गेला की झालं, बाकी कपडे स्टाफ टाकणार, पावडर स्टाफ घालणार. मग बटण त्यांच्याकडे ठेवलं कारण दिवा लागतो ते त्यांना आवडलं, आणि ड्रम फिरायला लागला की समोर जमिनीवर बसकण मारून अख्खी सायकल बघायचे, आम्ही तेही बघू दिलं. काही महिन्यांनी टोपली तेच आणायला लागले, कधी कधी रिकामीच आणायचे, पण आणायचे. 'कपडे धुता येतात' असं त्यांच्या फाइलवर कोणी लिहिणार नाही. पण ज्या माणसाला दिवसभर काहीच करायला नव्हतं त्याच्या दिवसात आता एक काम होतं.

मदतीची मात्रासुद्धा शिकवावी लागते. आधी थांबायचं. मग बोट दाखवायचं, मग करून दाखवायचं, आणि अगदी लागलं तर हाताला हलका हात. नवीन स्टाफ हे उलटं करतो, आधी हात धरतो आणि वर तोंडानं सूचनांचा भडिमार. ऑटिझम असलेल्या बऱ्याच जणांना वाक्य आत जाऊन त्याचा अर्थ लागायला वेळ लागतो, तुम्ही पाच-सात सेकंदांत दुसऱ्या शब्दांत तेच परत म्हणालात की त्यांच्यासाठी ती नवी सूचना, पहिली पुसली गेली, आता परत पहिल्यापासून. नव्या मुलांना मी सांगतो एकदा बोला, कमी शब्दांत, आणि मनातल्या मनात दहा आकडे मोजा. फार अवघड जातं त्यांना! डेमियन मिल्टन म्हणून ब्रिटनमधले एक संशोधक आहेत, स्वतः ऑटिस्टिक, त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की समजण्यातली अडचण दुहेरी आहे, ऑटिस्टिक माणसाला बाकीचे कळत नाहीत तसे बाकीच्यांनाही तो कळत नसतो. सपोर्ट वर्करच्या बाबतीत तर हे शंभर टक्के, शिकायची निम्मी जबाबदारी त्याच्यावर आहे आणि पगारही त्यालाच मिळतो.

तुमच्या भावाचं बोलणं मोजकं आहे म्हणता, तर आज कोण येणार याचे फोटो लावलेला बोर्ड, आत्ता हे आणि नंतर ते अशी दोन चित्रं, एवढ्यानं अर्धा ताण उतरतो. बोर्डावर फोटो एकाचा आणि दारात उभा दुसराच, असं मात्र होऊ देऊ नका, त्यापेक्षा बोर्ड नसलेला बरा.

तब्येतीबद्दल जरा जास्त लिहितो, तुम्ही विचारलं नाहीये तरी. आमच्याकडे माणसं 'वागणुकी'पायी कमी आणि वेळेवर न कळलेल्या दुखण्यांमुळे जास्त गमावली जातात. माणूस अचानक मारायला लागला, रात्री ओरडायला लागला, जेवण फेकायला लागला की लगेच 'बिहेवियर' असं लिहिलं जातं आणि गोळी वाढते. आधी शरीर तपासा. दात, कान, पोट, लघवी, थायरॉइड, बायका असतील तर पाळी. एक जण जेवणाची प्लेट भिरकावायला लागले होते, आठवडाभर सगळ्यांनी मूड, रूटीन, नवीन स्टाफ अशी कारणं शोधली, शेवटी कोणाच्या तरी लक्षात आलं की मऊ पदार्थ असले की प्लेट जागेवर राहते. दाढ किडली होती.

बद्धकोष्ठता हा विषय लोकांना हसण्यासारखा वाटतो, पण बौद्धिक अक्षमता असलेली माणसं त्यानं दगावलेली आहेत. बैठं आयुष्य, कमी पाणी, त्यात मानसिक आजाराची आणि इतर काही औषधं आतडी सुस्त करतात, आणि माणूस सांगू शकत नाही. त्यामुळे पोट कधी साफ झालं याची नोंद रोजच्या रोज असली पाहिजे, आणि नुसती लिहून उपयोग नाही, तीन दिवस रिकामे दिसले तर कोणाला फोन करायचा हे त्याच पानावर हवं.

गोळ्यांबद्दल एक आकडा द्यायलाच हवा. २०१५ मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्यानं अंदाज काढला की बौद्धिक अक्षमता असलेले ३०,००० ते ३५,००० प्रौढ अँटिसायकोटिक (भ्रमासारख्या गंभीर मानसिक आजारावरच्या) किंवा अँटिडिप्रेसंट (नैराश्यावरच्या) गोळ्या घेताहेत, आणि त्या ज्या आजारांसाठी असतात तो आजार त्यांना झाल्याचं निदानच नाही. त्यावर २०१६ मध्ये तिथे स्टॉम्प नावाची मोहीम सुरू झाली, अशा गोळ्या कमी करायची. भाऊ यातलं काही घेत असेल तर ती कशासाठी सुरू झाली, शेवटचा आढावा कधी झाला, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःच्या मनानं बंद मात्र अजिबात करू नका, फिटची तर नाहीच नाही.

फिटवरून आठवलं. बौद्धिक अक्षमता असलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला एपिलेप्सी असते, म्हणजे एजन्सीला हे नवीन नसायला हवं. तरी प्लॅन लेखी हवा आणि तो त्याच्या डॉक्टरांनी सांगितलेला हवा: त्याची फिट दिसते कशी, किती मिनिटांनंतर इमर्जन्सीचं औषध, ते कोणाला देता येतं, ॲम्ब्युलन्स कधी. फिट पाच मिनिटांच्या पुढे गेली तर ती इमर्जन्सीच धरायची. बाथरूमची कडी बाहेरून उघडता येईल अशी, टबपेक्षा शॉवर बरा, आणि टब असलाच तर त्याला भरल्या टबात एकटं सोडून कोणी फोन घ्यायला जायचं नाही. रात्रीच्या फिट असतील तर पलंगाचा सेन्सर मिळतो, पण सेन्सर वाजल्यावर उठणारं कोणी घरात आहे का, हा त्याच्या पुढचा प्रश्न. रात्रीचा सपोर्ट दोन तऱ्हेचा असतो, एक जागा राहणारा आणि एक त्याच घरात झोपणारा, गरज पडली तर उठणारा. पैशात बराच फरक पडतो म्हणून हे गुळमुळीत ठेवलं जातं.

घरात अजून कोण असणार? माझ्या अनुभवात घरं मोडतात ती इथे. खोली रिकामी आहे, भाडं बुडतंय, म्हणून जो पुढचा अर्ज आला त्याला आणून बसवतात. एकाला शांतता लागते, दुसरा दिवसभर टीव्ही मोठ्यानं लावतो, मग पहिला भिंतीवर डोकं आपटतो आणि दोष पहिल्याच्या ऑटिझमला. आधी दोघांना दोन-चार वेळा भेटू द्या, एकत्र जेवू द्या, एक रात्र राहू द्या. आणि दुसरा माणूस निवडताना तुमच्या भावाला नाही म्हणायचा अधिकार आहे का, हे विचारा. नाही म्हणणं शब्दांतच असेल असं नाही, तो माणूस आला की हा खोलीतून उठून जातो, हेही नाहीच आहे.

तासांचा हिशोबही समजून घ्या, इथे कुटुंबं फसतात. 'चोवीस तास सपोर्ट' म्हणजे पुष्कळदा तीन भाडेकरूंत मिळून एक स्टाफ. ते शेअर्ड तास. फक्त त्याच्यासाठीचे तास वेगळे असतात, त्यातच तो बाहेर पडू शकतो, पोहायला जाऊ शकतो, तुमच्याकडे येऊ शकतो. आठवड्यात ते तास किती, कोणत्या दिवशी, स्टाफ आजारी पडला की ते बुडतात की भरून मिळतात, हे कागदावर घ्या.

निर्णयांचं काय, असंही आईवडील विचारतीलच, की त्याला कळत नाही तर सही कोण करणार. कायदा प्रत्येक देशाचा वेगळा, त्यात शिरत नाही, तुमच्या वकिलाशी बोला. पण दिशा बऱ्याच ठिकाणी एकच चालली आहे, आणि वर सांगितलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराच्या १२ व्या कलमात ती आहे, की निर्णय काढून घ्यायचा नाही, निर्णय घ्यायला मदत करायची. भाडेकरार समजणार नाही कदाचित, पण तीन घरं दाखवल्यावर कुठल्या घरात तो बूट काढून आत गेला आणि कुठल्या दारातून परत फिरला, हे तर दिसतं ना. ते लिहून ठेवा, ते त्याचं मत आहे.

धोक्याबद्दल आई घाबरणार, साहजिक आहे. १९७२ मध्ये रॉबर्ट पर्स्के या अमेरिकी लेखकानं मांडलं होतं की थोडा धोका पत्करता येणं हाही माणसाच्या सन्मानाचा भाग आहे, आणि सगळ्या धोक्यांपासून वाचवलं की माणूस खुरटतो. प्रत्यक्षात याचा अर्थ उद्यापासून एकटा रस्ता ओलांडू दे असा नाही. स्टाफ आधी बाजूला चालेल, मग दोन पावलं मागे, मग रस्त्याच्या पलीकडून. कोणासाठी ते दोन पावलं मागेच कायम राहतं, राहू दे.

शिफ्ट होणं. घाई करू नका, आणि आईवडील आजारी पडून हॉस्पिटलात जाईपर्यंत थांबूही नका. रात्री दोन वाजता आणीबाणीत जी जागा मिळते ती कोणी निवडलेली नसते, आणि एकाच दिवशी आई, घर, पलंग, आवाज, वास सगळं एकदम जातं. आत्ता सत्तरीत दोघं धडधाकट आहेत तेव्हाच सुरुवात करा. नवीन घराच्या स्टाफनं आधी तुमच्या घरी यायला हवं, सकाळी तो उठताना, रात्री झोपताना, आई काय करते ते बघायला, कारण आईला जे माहीत आहे त्यातलं निम्मं तिला स्वतःला सांगता येणार नाही, ते बघूनच कळतं. मग तो तिकडे एक तास, मग जेवायला, मग एक रात्र. जुनी चादर न धुता न्या, हो, न धुता. आणि पहिले काही आठवडे तो बिघडलेला दिसेल, झोप जाईल, कदाचित हात उगारेल. हे बघून लगेच परत आणलं तर पुढच्या वेळी दुप्पट अवघड जातं. मात्र वजन उतरतंय, अंगावर खुणा दिसतायत, ठरावीक एका स्टाफला बघून तो आक्रसतोय, तर ती सवय होण्याची लक्षणं नाहीत, तिथे वाट बघायची नाही.

ताई, तुमच्याबद्दलही एक गोष्ट. भावंडांना सगळे गृहीत धरतात की आईवडिलांनंतर तूच. तुम्ही केअर मॅनेजर, नर्स, हिशोबनीस सगळं व्हायचं ठरवलंत तर बहीण व्हायला वेळ उरत नाही. त्याच्या पैशाचा हिशोब आणि सपोर्टची देखरेख शक्यतो एकाच माणसाकडे ठेवू नका, एजन्सीकडे दोन्ही तर मुळीच नको.

सुरुवात म्हणून या आठवड्यात आईजवळ बसून एक पान लिहून काढा. निदान वगैरे नको, ते फाइलमध्ये आहेच. त्याला काय आवडतं, कशानं बिथरतो, दुखत असेल तर कसं कळतं, फिट यायच्या आधी काय दिसतं, कुठल्या प्रकारच्या माणसाला त्याच्याकडे कधीच पाठवू नये. ते पान घेऊन एजन्सीकडे जा, आणि जो माणूस ब्रोशर बाजूला ठेवून आधी ते वाचायला घेईल त्याच्याशी तासांचं बोला. रात्रीचा स्टाफ जागा राहणारा की झोपणारा हे मात्र त्याच बैठकीत लेखी घ्या, नंतर कोणी देत नाही.